वरच्या मजल्याची अट

पहिल्याच भेटीत वृद्धाश्रमाच्या मेट्रनबाईंनी यांना विचारलं, "आजोबा, गोळ्या तुमच्या तुम्ही घेता ना?" यांनी माझ्यापुढे हात केला. तळवा वर, बोटं थरथरत. कंपवात झाल्यापासून यांचे हात असेच. मेट्रनबाई हसल्या, आमचा मुलगा हसला, आणि मीही हसून बोलून गेले, "अहो, लग्न झाल्यापासून यांनी पाण्याचा पेला कधी स्वतःच्या हाताने भरून घेतला नाही, गोळ्या कुठल्या घेतायत."

मग त्यांनी अट सांगितली. वरच्या मजल्यावर जोडप्यांच्या खोल्या आहेत, पण तिथे कामाच्या मुली औषधाला हात लावत नाहीत. वर राहायचं तर दोघांपैकी एकाला तरी दोघांची औषधं नीट सांभाळता आली पाहिजेत. ते जमत नसेल तर खालचा मजला. खाली औषधं सिस्टर देतात, अंघोळ घालायला मावश्या आहेत, सगळी सोय आहे. फक्त खाली बायकांचा हॉल वेगळा आणि पुरुषांचा वेगळा.

"मी आहे की," मी म्हटलं. मग आमच्या दोघांच्या औषधांची जबाबदारी माझ्यावर टाकून त्यांनी आम्हाला वरची खोली दिली.

डोंबिवलीतली आमची बिल्डिंग पाडली म्हणून आम्ही इथे आलो. रिडेव्हलपमेंट. दोन-तीन वर्षांत नवी उभी राहील असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे सांगत होते, आणि मी मूर्खासारखी किल्ली देताना शेजारणीला म्हटलंही, की नव्या घरात ओटा मोठा घेणार आहे. माझं पोळी-भाजी केंद्र होतं ना, ओट्याशिवाय मला दुसरं काय सुचणार. आता तिथे पत्रे लावलेत आणि आत गवत वाढलंय. मुलगा ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो, विसाव्या मजल्यावर. सुरुवातीला तिथे राहून पाहिलं. मुलगा-सून सकाळी ऑफिसला जायची, नातू शाळेत, आणि आम्ही दिवसभर कुलपात. "आई, दार उघडू नका हं कुणाला," सूनबाई जाताना सांगायची. एकदा हे बाथरूममध्ये पडले आणि दुपारभर मला यांना उचलता आलं नाही. त्यानंतर मुलाने खडवलीजवळची ही जागा शोधली. त्याला दोष देत नाही. पण खडवली म्हणजे कल्याणच्याही पुढे, आणि कल्याणपलीकडे आपलं म्हणावं असं माझं कुणी नाही.

जागा चांगली आहे, असं येणारा प्रत्येकजण म्हणतो. नदीचा वारा येतो, हवा स्वच्छ आहे. हवेचं काय लोणचं घालायचंय? आयुष्यभर फडके रोडवर भाजीवाल्यांशी भांडून कोथिंबीर आणणारी बाई मी, आणि इथे गेटवरचा वॉचमन मला म्हणतो, "आजी, घरून फोन आल्याशिवाय सोडता येणार नाही." मी म्हटलं, "घर कुठलं रे बाबा? ते पाडलं." त्याला वाटलं मी गंमत करतेय. चहा साखर घालूनच येतो, मग तुम्हाला मधुमेह असो नाहीतर नसो, नाही म्हटलं तर फिक्का आणून आदळतात. पोळी रबरासारखी. मी एकदा स्वयंपाकघरात जाऊन कणीक कशी भिजवायची ते सांगायला गेले तर मला खांद्याला धरून बाहेर आणलं. हळूच आणलं, पण आणलं.

तरी वर बरं होतं. वर आमचं दार आम्हाला आतून लावता येत होतं. संध्याकाळी हे पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसायचे, हे सांगायचे आणि मी लिहायचे, कारण यांना पेन धरता येत नाही. मी चुकीच्या चौकोनात लिहिलं की चिडायचे, मग मीही चिडायचे, आणि तासभर आम्ही बोलायचो नाही. पण एकाच खोलीत बसून बोलायचो नाही.

खालचा मजला मी एकदाच पाहिला होता. लोखंडी सरकतं दार, त्याला कुलूप. आत बायकांच्या खाटा ओळीने, सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे गाऊन, टीव्ही मोठ्याने चालू. एक बाई मला बघून उठली आणि दाराशी येऊन म्हणाली, "माझ्या माणसाला सांगा, मी इकडे आहे." तिचा नवरा पलीकडच्या हॉलमध्येच होता, असं मावशीने मला सांगितलं. संध्याकाळी मधल्या खोलीत तासभर भेटवतात. मी वर आले आणि यांना म्हटलं, मी मेलेली चालेल, पण तिथे नको.

मग बाजूच्या खोलीतल्या आजोबांनी रक्त पातळ करायची गोळी घेतलेली विसरून पुन्हा घेतली. परत परत घेतली. त्यांना रक्तस्राव झाला, गाडी आली, ते परत आलेच नाहीत. त्यांचा मुलगा ऑफिसात येऊन खूप ओरडला. नंतर मेट्रनबाईंनी वरच्या सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बसवून सांगितलं, की आता वर राहणाऱ्या प्रत्येक जोडप्यात जो औषधं देतो त्याला सिस्टरसमोर ती नीट देऊन दाखवावी लागतील. एकट्याने. जोडीदार बाहेर बसेल. खाजगी बाई ठेवलेली चालणार नाही, मुलगा-सून रविवारी येऊन डबा भरून गेले तेही चालणार नाही.

मला कसलीच भीती वाटली नाही. मी शंभर-शंभर पोळ्यांची ऑर्डर डोक्यात ठेवणारी बाई. मला काळजी होती यांची. उद्या मला काही झालं तर? म्हणून मी ठरवलं की यांना शिकवायचं. दुपारी चहानंतर पलंगावर सगळी पाकिटं मांडली आणि म्हटलं, "आता तुम्ही काढा बघू. संस्थानिकासारखा हात पुढे करायचा नाही."

यांना नावं सगळी पाठ. कुठली कशाची, कुठली जेवणाआधी, कुठल्या दोन एकत्र घ्यायच्या नाहीत, डॉक्टरसुद्धा इतकं नीट सांगत नाहीत. यांनी सरकारी कचेरीत जन्म काढला ना. पण पाकीट दाबून गोळी बाहेर काढायची म्हटली की संपलं. अंगठा घसरायचा. कशीबशी निघाली तर टणकन उडून कपाटाखाली. खणांचा प्लास्टिकचा डबा आणला होता मुलाने, त्याचं झाकण उघडताना अख्ख्या आठवड्याच्या गोळ्या जमिनीवर सांडल्या. मी गुडघे धरत धरत वेचल्या आणि वेचताना तोंडाचा पट्टा चालूच. आईने लाडावून ठेवलं, मग मी डोक्यावर बसवलं, आता या वयात मला रांगायला लावताय. हे ऐकत होते. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "प्रश्न माझ्या हातांचा नाहीये."

"मग कुणाच्या?"

"तू अलीकडे सकाळची आणि रात्रीची उलटसुलट देतेस."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. चूक दाखवणं हा यांचा जुना छंद, पण हे म्हणजे फार झालं. मी म्हटलं, मग गिळता कशाला मुकाट्याने? म्हणाले, गिळत नाही. तू हातावर ठेवतेस, मी बघतो. बरोबर असली की "हं" म्हणतो आणि घेतो. चुकीची असली की म्हणतो, ही नंतर घेतो, आधी ती पांढरी दे.

खरंच म्हणायचे तसं. मला वाटायचं नखरे आहेत. आणि तुझी गुलाबी घेतलीस का, तुझी गुलाबी घेतलीस का, म्हणून दोन्ही वेळा विचारायचे, तर मला वाटायचं म्हातारपणी कटकट वाढलीय. मी विचारलं, कधीपासून? तर म्हणाले, डोंबिवलीपासून. बिल्डिंग सोडायच्या आधीपासून.

हा माणूस एवढा काळ सगळ्यांसमोर हात पुढे करून बसला होता. मुलगा हसत होता, सून मैत्रिणींना सांगत होती की आमचे बाबा अजून गोळीसुद्धा आईंच्या हातून घेतात, मेट्रनबाई हसल्या होत्या, आणि सगळ्यांत जास्त मी हसले होते. आमच्याकडे नवऱ्याने बायकोपुढे हात करून बसणं यात कुणालाच काही विचित्र वाटत नाही. त्यामुळे कुणाला संशय आला नाही, मलाही नाही. मला यांचा इतका राग आला की मी हातातल्या गोळ्या पलंगावर फेकल्या.

"मला सांगायचं होतंत."

"सांगून काय झालं असतं? तू द्यायचं बंद केलं असतंस. मग माझे हात हे असे."

मी मानलं नाही. म्हटलं, उद्यापासून बघा तुम्ही, पण तोंडातून आवाज काढायचा नाही. हं नाही न् पांढरी दे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिल्या, यांनी बघितल्या, घेतल्या. मी म्हटलं, झालं समाधान? रात्रीही बरोबर. तिसऱ्या दिवशी सकाळी मी हातावर गोळी ठेवली आणि हे घेईनात. नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी पाकीट उलटं करून वाचलं. नाव मला वाचता येत होतं, स्वच्छ दिसत होतं, ती रात्रीची प्रोस्टेटची गोळी होती, जी घेऊन उभं राहिलं की यांना चक्कर येते. मी वाचून ठेवली होती आणि तरी दिली होती. मधे काय झालं ते मला माहीत नाही. हे सगळं लिहिताना मला नीट आठवतं, कुणी काय बोललं ते शब्दाला शब्द, पण सकाळ आणि रात्र यांच्यात हल्ली माझ्या डोक्यात भिंत उरलेली नाही. त्या दिवशी मी जेवायला गेले नाही.

मुलाला सांगावं का, यावर आमचं भांडण झालं. हे म्हणाले सांगू. मी म्हटलं, सांगून तो काय करणार आहे? नोकरी सोडून विसाव्या मजल्यावर आपल्या गोळ्या काढत बसणार आहे? त्याने बदलापूरलाही चौकशी केली होती, तिथेही हीच अट. शिवाय तो रडेल. तो लहानपणापासून पटकन रडतो, आणि मला ते फोनवर ऐकवत नाही. शेवटी नाहीच सांगितलं. रविवारी तो आला, केळी आणि फरसाण घेऊन, आणि सूनबाईने माझे केस विंचरून दिले. तिला म्हटलं, पुढच्या वेळी टिकल्यांची पाकिटं आण.

टिकल्यांची युक्ती माझी. सकाळच्या पाकिटावर एक लाल टिकली, दुपारच्यावर हिरवी, रात्रीच्यावर काळी. घड्याळाखालीही तशाच टिकल्या चिकटवल्या. उजाडलं की लाल, अंधारलं की काळी. हे शेजारी बसून बघायचे आणि अधूनमधून म्हणायचे, "आत्ता काय वाजलंय ते बघ, गोळीकडे नको बघूस." चांगले गेले ते दिवस. आमचं जमायला लागलं होतं. एके संध्याकाळी मी सलग सगळं बरोबर दिलं तेव्हा हे म्हणाले, "तुझे हात आणि माझं डोकं, एक धडधाकट माणूस होतोय की आपला." मी म्हटलं, डोकं माझंही आहे थोडं, सगळं श्रेय घेऊ नका. पण मला बरं वाटलं होतं.

सिस्टरने मला बोलावलं तेव्हा टळटळीत दुपार होती. ऑफिसशेजारच्या खोलीत एक टेबल, त्यावर आमच्या औषधांची पिशवी. यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि दार लावून घेतलं. सिस्टर चांगली मुलगी होती, कल्याणहून येणारी, मला नेहमी आजी तुमच्या हातच्या पोळ्या खायला येणार म्हणायची. तिने पिशवीतली पाकिटं काढली आणि एकेक टिकली नखाने काढून टाकायला लागली.

मी म्हटलं, "अगं, त्या का काढतेयस?"

"खुणा चालत नाहीत आजी. उद्या पाकीट बदललं तर? नाव वाचून आणि वेळ बघूनच द्यायची. समजा आता रात्रीचे नऊ वाजलेत. आजोबांना द्या बघू."

"समजा कशाला? दुपार आहे. ऊन दिसतंय की."

"समजायचं हो फक्त."

मला समजेना की मी काय समजायचं. बाहेर ऊन, आणि ही म्हणते रात्र. मी पाकिटं हातात घेतली. नावं वाचली, मोठ्याने वाचली, एकही चुकलं नाही. सिस्टर मान डोलावत होती. मग मी एक गोळी काढली. माझे हात चांगले आहेत, एका दाबात निघाली. ती मी तळव्यावर घेतली आणि हात पुढे केला.

समोर सिस्टर होती. ती हसून म्हणाली, "मला नका देऊ आजी, कुठली दिली ते सांगा." मला हे कळत होतं. पण मी हात मागे घेतला नाही. मी थांबून राहिले. गोळी बरोबर आहे की चूक हे मला ठरवताच येईना, म्हणजे ठरवायचं कसं असतं तेच माझ्याजवळ नव्हतं, मी फक्त थांबू शकत होते. खोलीत पंखा फिरत होता. सिस्टरचं हसू हळूहळू कमी झालं. दार उघडून पळून जावंसं वाटलं, पण पळून जायचं कुठे, गेटपर्यंत?

आणि बाहेरून, बंद दाराच्या पलीकडून, यांचा आवाज आला. "हं."

स्पष्ट आणि मोठ्याने. माझा जीव भांड्यात पडला. मी गोळी टेबलावर ठेवली आणि सिस्टरला ठणकावून सांगितलं, "ही. रात्रीची हीच."

सिस्टरने गोळी बघितली. पाकीट बघितलं. मग माझा हात हातात घेऊन नुसती बसली. ती सकाळची होती.

नंतर मेट्रनबाई आल्या, मुलाला फोन लावला, बोलणं बराच वेळ चाललं होतं. फोनवर तो रडत असणार, कारण मेट्रनबाई सारखं म्हणत होत्या, शांत व्हा, त्यांच्या चांगल्यासाठीच आहे. मी बाहेर बाकावर यांच्याशेजारी जाऊन बसले. मला आधी भांडायचंच होतं. म्हटलं, एवढ्या वर्षांत एकदाही चुकीच्या गोळीला हं म्हटलं नाहीत, आणि आजच म्हणायचं होतं? एवढं दिसत नव्हतं?

"दार बंद होतं," हे म्हणाले. "मला गोळी दिसलीच नाही."

"मग हं कशाला म्हणालात?"

"आत आवाज बंद झाला. तू माझ्यासाठी थांबलीयस हे कळलं मला."

सोमवारी दोन मावश्या खोलीत आल्या आणि आमचे कपडे वेगवेगळ्या पिशव्यांत भरायला लागल्या. यांची पिशवी खाली उजवीकडच्या हॉलमध्ये नेली, माझी डावीकडच्या.